मोरचूद, मीठ आणि एमएफए

पहाटे 5.10

नळ आला. पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. आठवड्याचे दिवस सात, त्यामुळे एक गुरुवार पाण्याचा, तर पुढचा कोरडा. माझं सगळं काम गुरुवारवर चालतं, म्हणून कॅलेंडरवर मी अमावास्या-पौर्णिमा बघत नाही, पाण्याचे गुरुवार बघते. आजचा पाण्याचा आहे.

आई पिंप भरतेय. मी मोठ्या टबात दहा कागद एकेक करून बुडवते, निथळते, जुन्या टॉवेलात दाबते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळकुटावर बांधते. एचिंग छापायला कागद ओलसर लागतो, पण वर पाण्याची चकाकी दिसली की तो वाया गेला. भिजवलेल्या कणकेसारखा हवा, हाताला गार लागणारा पण न चिकटणारा. हे मला कॉलेजात तीनदा सांगून कळलं नव्हतं. कणीक मात्र मी दहाव्या वर्षापासून मळतेय.

चिखलीच्या घरकुलातल्या आमच्या घरात कपाटाच्या दारावर एक यादी चिकटवलेली आहे, ‘पदवीसाठी लागणाऱ्या गोष्टी’. एमएफए, चित्रकला, विशेष विषय मुद्राचित्रण. दोन वर्षं, चार सत्रं, 88 क्रेडिट. त्याआधी बीएफएची चार वर्षं झालेलीच. शेवटच्या सत्रासाठी छापचित्रांची मालिका, रेखाटनवह्या, कामाची नोंदवही, लघुप्रबंध, प्रदर्शन आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. यादीच्या खाली उरलेल्या जागेत आईने दुधाचा हिशेब लिहिलाय. दोन वर्षांत ही यादी मी शेकडो वेळा वाचली असेल. तिच्यात सगळं आहे, फक्त हे सगळं करायचं कुठे, तेवढं नाही. कॉलेजात एक प्रेस आहे आणि सत्र संपत आलं की तिच्यासाठी रेशनसारखी रांग लागते.

6.20

डबा, कागद, गाडी. स्पाइन रोडला सकाळी हवा असते, सात वाजले की फक्त ट्रक. डावीकडे कुदळवाडी गेली. गेली म्हणजे खरोखरच गेली; 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने इथली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली. अनधिकृत होती, आगी लागायच्या, काळा धूर चिखलीपर्यंत यायचा, हे सगळं खरं. पण माझं पहिलं वर्ष या भंगारावर निघालं. जस्ताचा पत्रा, पितळेच्या पट्ट्या, जुन्या सायनबोर्डांचं ॲल्युमिनियम, सगळं किलोवर. एक चाचा वजन करून झालं की वर एक तुकडा फुकट टाकायचे आणि विचारायचे, “इसपे फोटो निकालती है क्या?” आता त्यांचा फोन लागत नाही.

जस्त महाग झालं आणि चाचा गेले, तेव्हा मी काकांच्या भोसरीच्या गाळ्यातल्या स्क्रॅपच्या ड्रमकडे बघायला लागले.

6.50

भोसरी एमआयडीसी. आमच्या रांगेतले गाळे गुरुवारी बंद असतात, म्हणून गुरुवार माझा. इतर दिवशी काकांच्या गाळ्यात तीन पॉवर प्रेस धाडधाड चालतात, बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. चाकणच्या एका सप्लायरला लागणारे ब्रॅकेट इथे निघतात. तिथून ते कुठल्या गाडीत जातात ते काकांनाही नक्की ठाऊक नाही. शटर वर केलं की तेलाचा वास येतो. तो मला आता स्टुडिओचाच वास वाटतो. इतरांचे स्टुडिओ टर्पेंटाइनचे असतील, माझा कटिंग ऑइलचा.

माझा कोपरा आठ बाय सहा फुटांचा. तिथे काकांनी करून दिलेला प्रेस उभा आहे. जुन्या मशीनमधून निघालेला एक शाफ्ट, शेजारच्या गाळ्यात लेथवर टर्न केलेला सहा इंची सीमलेस पाइपचा रोलर, बारा एमएमची बेड-प्लेट, आणि फिरवायला कुठल्याशा व्हॉल्व्हचं चाक. विकतच्या प्रेसचा आकडा मी त्यांना सांगितला होता. ते काही बोलले नाहीत, फक्त मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून गिअरचे दात मोजत बसले.

पत्रा म्हणजे सीआरसी, कोल्ड-रोल्ड पोलाद, 1.2 एमएम, ब्रॅकेट कापून उरलेले लांबोडके तुकडे. यावर गंज धरू नये म्हणून कारखान्यातूनच तेल लागून येतं आणि तेच माझं मोठं दुखणं. गेल्या वर्षी मी ते नुसतं कापडाने पुसलं, वर ग्राउंड, म्हणजे द्रावणाला रोखणारा थर, दिलं, आठ दिवस खपून रेघा काढल्या आणि पत्रा द्रावणात टाकला. वीस मिनिटांत ग्राउंड पापुद्र्यासारखं सुटलं आणि सगळ्या आकाशाला देवी आल्यासारखे खड्डे पडले. आता मी भांड्यांच्या पावडरने घासते, पाणी ओतते आणि बघते. पाणी पत्र्यावर सलग पसरलं तर तेल गेलं. थेंब-थेंब होऊन फुटलं तर पुन्हा घासायचं. आजच्या पत्र्याला चार वेळा घासावं लागलं. मग कडांना कानस मारून उतार दिला, कारण धारदार कड कागद तर कापतेच, वर प्रेसचा नमदाही फाडते.

हा पत्रा पुढच्या गुरुवारसाठी. आज ज्याची पाळी आहे त्याच्यावर ग्राउंड बसून आठवडा झाला, रेघाही काढून झाल्यात.

8.15

मोरचूद. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम साधं मीठ, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. मोरचूद मोशीच्या कृषी सेवा केंद्रात मिळतं. दुकानदाराने पहिल्या वेळी विचारलं, “द्राक्षं का डाळिंब?” बोर्डो मिश्रणासाठीच नेतात ना सगळे. मी “चित्रं” म्हणाले, तर त्याने पावतीवर ‘इतर’ लिहिलं.

कॉलेजात आम्ही नायट्रिक ॲसिड वापरतो. इथे ते चालायचं नाही, कारण ॲसिडच्या वाफेने काकांच्या डाय गंजतील, आणि एकेक डाय माझ्या दोन वर्षांच्या फीपेक्षा महाग आहे. काकांना हे सांगायला मी महिनाभर घाबरत होते. शेवटी सांगितलं, तर ते म्हणाले, “मोरचूद बघ की. आम्ही आयटीआयला मार्किंगला मोरचूदच लावायचो.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं अर्धं शास्त्र फिटरच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पोलादावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की तांब्याचा पातळ लाल थर चढतो. त्यावर स्क्राइबरने रेघ ओढली की ती चकचकीत पांढरी उठते, आणि त्या रेघेवर फिटर कापतो. मी ग्राउंडवर रेघ ओढते आणि मोरचुदाला ती खाऊ देते. हत्यारसुद्धा तेच. माझी एचिंगची सुई म्हणजे काकांचा जुना कार्बाइड स्क्राइबर. मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजलेली, त्यामुळे माझा अंगठा आपसूक त्याच खळग्यात बसतो.

पत्रा निळ्या पाण्यात सोडला. अर्ध्या मिनिटात प्रत्येक रेघ लाल झाली. उघड्या पडलेल्या लोखंडाच्या जागी तांबं येऊन बसतंय आणि लोखंड पाण्यात उतरतंय. हा लाल गाळ रेघेत साचू दिला तर पुढचं खाणं थांबतं, म्हणून कबुतराच्या पिसाने तो सारखा हलवायचा. ब्रश चालत नाही, ग्राउंडला ओरखडे जातात. गाळ्याच्या पत्र्याखाली कबुतरं भरपूर, पिसांना तोटा नाही. पाच मिनिटं, पिसं, पाच मिनिटं, पिसं. चित्रातला लांबचा डोंगर हलका हवा, म्हणून सात मिनिटांनी पत्रा बाहेर काढून तेवढा भाग वॉर्निशने झाकला आणि पुन्हा आत. जवळच्या माणसांना पंचवीस मिनिटं दिली. पाणी निळ्याचं हिरवट व्हायला लागलं की समजायचं, त्यातलं तांबं संपत आलं.

9.30

काका आले. सुट्टीच्या दिवशी त्यांचं गाळ्यात काही काम नसतं, तरी येतात. हातात चहाची पिशवी आणि दोन कागदी कप.

“किती मायक्रॉन गेलं?”

“काका, तसं मोजत नाहीत.”

“मग कसं मोजतात?”

“छापल्यावर दिसतं.”

हे उत्तर त्यांना पटत नाही. डायल गेज आणून त्यांनी टोक रेघेवर ठेवलं. टोक जाड, रेघ बारीक. काटा हललाच नाही. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि गेज पुन्हा डबीत ठेवलं, जरा रागानेच.

काका औंधच्या आयटीआयचे फिटर. प्रमाणपत्र फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलंय, आणि टेबलावर त्यांचा परीक्षेतला जॉब पेपरवेट म्हणून असतो. लोखंडाचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही कानशीने हातानेच घासलेले. एकमेकांत सरकवले की उजेडाची रेघ दिसत नाही. तेवढ्या एका जॉबवर ते पास झाले. त्यांनी एकदा माझी यादी नीट समजावून घेतली होती. दोन वर्षं? दोन वर्षं. रोज हाताने काम? हो. वही भरायची? हो. शेवटी बाहेरचा माणूस येऊन जॉब तपासणार आणि तोंडी घेणार? हो.

“मग हे आयटीआयच झालं की.”

मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, एमएफएची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही.

क्रेडिटचा हिशेबही त्यांनीच लावून दिला. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात तीस तास. सत्राला 22 क्रेडिट. सगळे प्रात्यक्षिकाचे धरले तर 660 तास. पंधरा आठवड्यांनी भागा, आठवड्याला 44. “कंपनीत अठ्ठेचाळीस भरायचे,” काका म्हणाले. “तुला चार तासांची सूट आहे.”

10.45

वीज गेली. गुरुवारी देखभालीसाठी जातेच. पंखा थांबला, शटरमधून येणारा उजेड पुरतो, प्रेसला मोटर नाही. मोरचुदाला विजेशी देणं-घेणं नाही.

ग्राउंड रॉकेलने काढलं. पत्रा कोमट केला, काळी शाई कार्डाच्या तुकड्याने रेघांत भरली, मग खळ दिलेल्या मलमलीच्या बोळ्याने पुसायला घेतली. पहिला बोळा घाण, दुसरा बरा, तिसरा जवळजवळ कोरडा. शेवटी तळहाताला खडूची पूड लावून, पोळीवरचं पीठ झटकतात तसा हात फिरवायचा. जस्त किंवा तांबं असतं तर आता रेघांमधली जागा लखलखीत दिसली असती. पोलाद तसं वागत नाही. त्याचा पृष्ठभागच खरखरीत, कितीही पुसलं तरी धुरासारखा करडेपणा धरून ठेवतं. सुरुवातीला मी त्याच्याशी भांडत होते. नंतर लक्षात आलं, चाकणच्या रस्त्यावरची हवा अशीच दिसते.

चित्र चाकणच्या तळेगाव चौकाचं आहे. दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग होतं, 120 तास. वर्गातली बाकीची मुलं पुण्यातल्या गॅलऱ्यांत आणि डिझाइनच्या ऑफिसात गेली. मला चाकणजवळच्या एका कोरुगेटेड बॉक्सच्या कारखान्यात जागा मिळाली. मार्गदर्शक मॅडमना वाटलं होतं मी रडेन. पण मुद्राचित्रणच ते, रबराच्या स्टीरिओवरून, तासाला हजारांनी छापणारं. काचेचा ग्लास, छत्री, ‘ही बाजू वर’चे बाण. स्टीरिओ सिलिंडरवर चिकटवणारे एक काका उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचायचे. मी तेव्हा नुकतीच एका पत्र्यावर कंपनीच्या बसची पाटी सुलटी कोरून ठेवली होती. छापल्यावर ती आरशात आली. त्यांनी माझी प्रिंट बघितली आणि हसून म्हणाले, “मॅडम, तुमची बस परत चाललीय.” सुटल्यावर मी तळेगाव चौकात उभी राहून रेखाटनं करायची. ट्रॅफिक इतकं अडकलेलं की माणसं मॉडेलसारखी स्थिर उभी मिळतात. डब्याची पिशवी खांद्याला, गळ्यात आयकार्ड, दोन्ही हात मोबाइलवर. आठ पत्र्यांची मालिका तिथूनच निघाली. आजचा सातवा.

कागद पत्र्यावर टाकला, वर दोन नमदे आणि चाक. चाक फिरवताना पत्र्याची कड रोलरखाली येते तो क्षण हाताला कळतो, एक छोटा उंचवटा लागतो. पलीकडे गेल्यावर नमदे उलटायचे, कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि सावकाश उचलायचं. साय काढतात ना, तसं. काकांनी श्वास धरला होता, मीही.

डोंगर जरा जास्तच फिका आलाय. माणसं बरोबर.

एकूण सहा छाप निघाले. एकावर बोटाचा ठसा उठला, एक सुरकुतला. चार राहिले. दहाची आवृत्ती हवी, बाकीचे पुढच्या गुरुवारी, आणि तो कोरडा आहे.

1.00

डबा. मेथी, भाकरी, ठेचा. हात तीनदा धुतले, तरी नखांत काळं राहतंच.

आता आवरायचं. हा भाग कुठल्याच यादीत नसतो आणि त्याला तासभर लागतो. वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा टाकला की फेस येतो आणि हिरवट-तपकिरी गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी निवळायला ठेवायचं, गाळ डब्यात सुकवायचा आणि काकांच्या घातक कचऱ्याच्या ड्रमबरोबर द्यायचा. मोरीत ओतायला दोन मिनिटं लागली असती. पण इथल्या गटाराचं पाणी शेवटी कुठे जातं ते ठाऊक आहे. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस आम्ही वारीच्या दिवसांत टीव्हीवरही बघतो आणि प्रत्यक्षही. त्या फेसात माझा वाटा चमचाभर असला तरी नको.

पत्र्याला तेल लावून कागदात गुंडाळलं, नाहीतर उद्यापर्यंत गंजेल. ज्या तेलाने गेल्या वर्षी माझं आकाश बुडवलं, त्यावरच आता माझी मालिका टिकून आहे.

2.20

गाडी नाशिक फाट्याला लावली आणि मेट्रो धरली. शिवाजीनगरला उतरून आधी हातकागद संस्था. 1940 पासूनची जागा. आत शिरलं की भिजलेल्या चिंध्यांचा वास आणि वाळत घातलेले ताव. परदेशी एचिंग कागदाचा एक ताव परवडत नाही तिथे मी इथले चार घेते. हा कागद जरा जास्त पाणी पितो, पण शाई छान ओढतो. माझे वर्गमित्र म्हणतात, परीक्षकाला जर्मन कागद दाखवला की काम वजनदार वाटतं. असेल. पण वजन कागदाचं करायचं असेल तर त्याला दुकानच बरं.

3.30, कॉलेज. मार्गदर्शक मॅडमनी ओली प्रिंट टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिली.

“रेघा छान आहेत,” त्या म्हणाल्या. “पण सगळ्याच छान आहेत. तुला यातली कुठली नकोय?”

मी गप्प. याला उत्तर नव्हतं. मग त्यांनी बोट त्या करड्या धुरावर ठेवलं.

“हे मुद्दाम?”

“पोलादाचंच आहे. पुसून जात नाही.”

“तोंडीला हेच विचारतील. पोलादच का?”

मी संकल्पनेचं वाक्य म्हणायला सुरुवात केली, ‘औद्योगिक अवकाशातील श्रमाची भौतिकता’ वगैरे. मॅडमनी हात वर केला. “खरं सांग.”

“ॲसिडने काकांच्या डाय गंजल्या असत्या. आणि पत्रा फुकट होता.”

त्या हसल्या. “हे लिही. पहिलं वाक्य हेच घे.”

नोंदवहीवर सही झाली. खाली ऑफिसात मात्र दुसऱ्याच एका कागदाची झेरॉक्स राहिल्याचं कळलं. खिडकी चारला बंद होते आणि घड्याळात 4.05 झाले होते.

जिन्यात एक मित्र आणि एक मैत्रीण भेटली. मित्राला अमेरिकेत पुन्हा एमएफए करायचंय. तिथे ही स्टुडिओतली शेवटची पदवी धरतात, साठेक क्रेडिट आणि शेवटी स्वतःचं प्रदर्शन. अर्जासोबत वीसेक चित्रं आणि एक निवेदन. मैत्रिणीला नेट द्यायची आहे, व्हिज्युअल आर्ट, विषय क्रमांक 79. दोन पेपर, 150 प्रश्न, तीन तास, सगळे पर्यायी. मास्टर्सला 55 टक्के, वर नेट, की सहायक प्राध्यापकाच्या रांगेत उभं राहता येतं. चार पर्यायांत एचिंगचा प्रश्न कसा विचारत असतील? विचारतात, आणि मी सरावपरीक्षेत तो चुकलेही.

दोघांकडेही काम करायला जागा नाही. तो बाल्कनीत लाकूड कोरतो, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रात्री अकरानंतर लिनोकट छापते.

6.15

निगडी प्राधिकरणात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचा वर्ग. सतरा मुलं, एका पालकांच्या पार्किंगमध्ये. यावर माझा पेट्रोल-कागद-शाईचा खर्च निघतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आज स्थिरचित्र होतं, तांब्या, दोन कांदे आणि मागे पडदा.

इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण, बीला पाच, सीला तीन. पालक या सातांसाठी येतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मीही त्याच सातांसाठी गेले होते. एका आईने विचारलं, “मॅडम, तुम्ही पुढे किती शिकलात?” सांगितलं. “म्हणजे ड्रॉइंगमध्येच सहा वर्षं?” त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, शुद्ध आश्चर्य होतं. मी म्हटलं, शेवटची दोन वर्षं फक्त पत्रा घासण्यात गेली.

मागच्या बाकावरच्या मुलाने कांद्याची सावली जांभळी केली होती. पडदा पांढराच, त्यावर तांब्याची लाल झाक, सावली जांभळीच दिसत होती. त्याने बघून काढलं होतं. बाकी सोळा जणांनी करडी केली.

9.30

लघुप्रबंध. जेवण झालं, आई मालिका बघतेय, मी हेडफोन लावून लॅपटॉपसमोर. विषय: पुण्याच्या आसपासचं छापचित्र आणि धातूचे कारागीर. पहिलं प्रकरण मिरजेचं. नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनाने पुण्यातला एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापायला शिकला. पेशवाईचं बिनसल्यावर तो मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि तिथे 1805 साली अशा पत्र्यांवरून गीता छापली गेली. भांडी घडवणारा माणूस. त्याला ठोक्याचा अंदाज होता, पत्रा कुठे ताणतो ते माहीत होतं. नवीन शिकायचं होतं ते फक्त अक्षर उलटं काढणं, म्हणजे मी जिथे चुकले तेच. चाकणच्या स्टीरिओवाल्या काकांना मी या प्रकरणाच्या तळटीपेत घेतलंय. मॅडम ती काढायला लावतील असं वाटतंय.

दुसरं प्रकरण पुण्याच्या चित्रशाळेचं, 1878 सालची, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेली. तिसरं आमच्या लोकलच्या मार्गावरचं. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांनी मळवलीला आला. चिंचवडहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलं की कामशेतनंतरचं स्टेशन. घराघरांतली लक्ष्मी आणि सरस्वती इथल्या दगडांवरून, जर्मन कारागिरांच्या हाताखाली छापून गेली. 1972 च्या आगीत छापखाना जळाला. गेल्या पावसाळ्यात मी उगाच तिथवर जाऊन आले. भातखाचरं होती, पाऊस होता. रेखाटनवहीची सहा पानं भरली आणि ती सगळी भातखाचरांची.

आज चारशे शब्द झाले, दोनशे खोडले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे निवेदनाचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘ॲसिडने डाय गंजतात, म्हणून ही चित्रं मोरचुदाने केली आहेत.’ काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “त्यात पत्रा 1.2 एमएम सीआरसी आहे, ते लिही. नाहीतर त्यांना कसं कळणार?” लिहिलं.

11.40

चार छाप टीपकागदांत, वर आईची जुनी पाटा-वरवंट्याची जोडी. सातवा पत्रा झाला, आठवा व्हायचाय. प्रदर्शनाला पाच गुरुवार उरलेत, त्यातले तीन कोरडे. गाळ्यातला कोपरा रिकामा करून आलेय. उद्या सकाळी आठला पॉवर प्रेस सुरू होतील.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा भोसरी, तळवडे, कुरुळी, चाकणकडे गाळा असेल, आठवड्यातून एक दिवस बंद राहत असेल, आणि आठ बाय सहाचा एखादा कोपरा देता येण्यासारखा असेल, तर जवळच्या कला महाविद्यालयात चित्रकला विभागात निरोप ठेवा. माझ्यासाठी नको, मला काका आहेत. बाल्कनीत लाकूड कोरणारा एक आहे आणि ओट्यावर छापणारी एक. दोघंही आवरून जातात. एक नळ लागेल. वीज लागत नाही.